धण्याच्या शेतातला पंचनामा

ही हकीकत लिहायची मी बरीच वर्षं टाळली. टाळायला कारणं मिळत गेली. आधी नोकरी होती, मग निवृत्तीचे कागद जमवायचे होते, मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर वाटायला लागलं की आता कोणाला काय त्याचं. गेल्या महिन्यात वहिनी पुण्याला वारल्या. इथे उज्जैनला आमच्या मराठी मंडळात त्यांच्यासाठी शोकसभा झाली. वीसेक माणसं होती. एका गृहस्थांनी त्यांच्या धाडसाचं कौतुक केलं आणि शेवटी म्हणाले, "नवऱ्यामागे एकटीने मधाच्या साठ पेट्या सांभाळल्या. पुढे थोडी हलगर्जी झाली, माशा गेल्या, पण बाई हिमतीच्या." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. नंतर चहा आला, तो प्यालो आणि घरी आलो.

वहिनींची हलगर्जी झाली नव्हती. मला हे ठाऊक आहे, कारण ते वाक्य मूळ माझं आहे. मी ते सरकारी कागदावर हिंदीत लिहिलं, खाली सही केली, शिक्का मारला. कागदावरून ते गावात गेलं, गावातून आमच्या लोकांत आलं, आणि आता शोकसभेत पोचलं.

आधी माझ्याबद्दल सांगतो. मी पशुपालन खात्यात सहायक क्षेत्र अधिकारी होतो. म्हणजे डॉक्टर नव्हे. लसी टोचणं, जनावरांच्या कानात पिवळे बिल्ले अडकवणं, गणती करणं, मेलेल्या जनावराचा पंचनामा करणं ही माझी कामं. गावोगाव मला 'डाक्टर साब' म्हणत आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. ऐकायला बरं वाटे.

वहिनी म्हणजे माझ्या मित्राची बायको. तो बँकेत होता. नागपूरकडून बदलून आला आणि इथलाच झाला. फ्रीगंजात आमच्या पुढच्याच गल्लीत भाड्याने राहत. स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्याने मधमाशा पाळायला घेतल्या तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. पहिल्या वर्षी त्याला इतके डंख झाले की बँकेतला जुना शिपाई भेटायला आला आणि त्यालाच विचारू लागला, "साब घर में हैं क्या?" पण त्याचा हात बसला. पेट्या वाढल्या. थंडीत सरसोंवर, म्हणजे मोहरीवर, मग धण्यावर, उन्हाळ्यात जिथे काही फुललं असेल तिथे, असं वर्षभर पेट्या पिकअपमध्ये घालून फिरवायचं. वहिनी बरोबर असायच्या. खरं सांगायचं तर माशांचं त्यालाही जेवढं कळत नव्हतं तेवढं त्यांना कळे. पेटीचं झाकण न उघडता, नुसता कान लावून त्या सांगत की आत राणीमाशी आहे की नाही.

मित्र गेला तो लांबलेल्या दुखण्याने. शिल्लक होतं ते दवाखान्यात गेलं. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की वहिनी आता पेट्या विकतील आणि मुलाकडे पुण्याला जातील. मुलाने त्यांच्यासाठी खोली रिकामी करून ठेवली होती. त्या गेल्या नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "भाऊजी, मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. म्हणूनच तिथे राहायचं नाही. चांगल्या माणसांकडे चार दिवस जावं, लाड करून घ्यावेत, परत यावं." घरभाडं, किराणा, औषधं, सगळं मधावर चाललं होतं. पेट्या होत्या तोवर त्यांचं स्वतःचं घर होतं. पेट्या गेल्या की पुणे. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

त्या वर्षी फेब्रुवारीत पेट्या मक्सी रोडवरच्या एका गावात धण्याच्या शेतात ठेवल्या होत्या. शेताचा मालक चांगला माणूस. जागेचं भाडं मधात घ्यायचा. धणे ऐन फुलात होते. एका दुपारी गारा पडल्या. इथे आमच्या बोलण्यात त्यांना हिंदीतला 'ओले' हाच शब्द असतो. पंधरा-वीस मिनिटं पडल्या असतील, पण लिंबाएवढ्या. पाठोपाठ वारा आणि दोन दिवस थंडगार झड. गावात बकऱ्या मेल्या, वासरं मेली, विजेच्या खांबाखाली एक म्हैस मेली. शेतमालकाच्याच सात बकऱ्या गेल्या.

माझा सगळा वेळ त्या दोन दिवसांत जनावरांमागे गेला. पंचनाम्याबाबत माझा एक ठाम धडा होता आणि तो मी प्रत्येक गावात ओरडून सांगायचो: गाडू नका. पहिला फोन, मग फोटो, मग पंचनामा, मग खड्डा. नोकरीभर मी एकच प्रकार पाहिला होता. माणसं भली असतात, घरचं जनावर मेलं की त्यांना ते दारात पडलेलं बघवत नाही, लगेच माती देतात. मग पटवारी, म्हणजे तुमच्याकडचा तलाठी, येतो आणि विचारतो, जनावर कुठाय? जनावर नाही म्हणजे मदत नाही. ज्यांनी ते दोन दिवस दारात कुजू दिलं त्यांना पैसे मिळत. हा नियम माझ्या अंगात इतका मुरला होता की तो गाईम्हशींचा नियम आहे हेच मी विसरलो.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. सकाळी पेपरात बातमी होती: सरकार पशुपालकांना तातडीची मदत देणार, आणि ह्या वेळी पहिल्यांदाच मधमाशीपालकांनाही. मी ती बातमी दोनदा वाचली. पेपर घडी करून शर्टाच्या आत घातला आणि स्कूटरवरून थेट शेतावर गेलो. कितीतरी दिवसांनी कोणाला तरी चांगली बातमी द्यायला निघालो होतो.

शेतात धण्याचं एकही फूल उभं नव्हतं. सगळं झोडपून जमिनीला चिकटलेलं. पेट्यांच्या रांगा मोडल्या होत्या. काही उलट्या पडलेल्या, काहींची झाकणं फुटून आत पाणी शिरलेलं. वहिनींनी साडीवर मित्राचं जुनं जॅकेट घातलं होतं, पायात गमबूट. मेलेल्या पेट्यांवर त्यांनी खडूने फुल्या मारल्या होत्या. बावीस फुल्या. शेताच्या कडेला खड्डा खणून तयार होता आणि सुक्या काटक्या कुठून तरी मिळवल्या होत्या.

"वहिनी, थांबा! जाळू नका."

"का? मुहूर्त काढून आणलात?"

मी पेपर दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, उन्हाकडे पाठ करून वाचलं.

"माशांनाही देणार? खरंच?"

"छापलंय ना."

"आणि माशा मोजणार कोण?"

"मी मोजणार."

त्या हसल्या. नवरा गेल्यानंतर तशा मोकळेपणी हसलेल्या मी फार पाहिल्या नव्हत्या. मग म्हणाल्या, "चांगलं झालं. पण ह्या बावीस पेट्या मला आजच्या आज जाळायला हव्यात, भाऊजी. नाहीतर लूट लागेल."

मला लूट म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्यांनी समजावून सांगितलं, आणि ते इतकं सरळ होतं की कोणालाही कळलं असतं. बाहेर फूल उरलेलं नाही. जिवंत पेट्यांतल्या माशा उपाशी आहेत. मेलेल्या पेट्यांत मध आहे आणि तो राखायला कोणी नाही. ऊन पडलं की उपाशी माशा त्यात शिरणार आणि मध घरी नेणार. आत अळ्या सडायला लागल्या आहेत, मधाबरोबर तो रोगही घरी नेणार. आणि एकदा लुटीची चटक लागली की मेलेलं-जिवंत बघत नाहीत, कमजोर पेटीवर तुटून पडतात, एकमेकींना मारतात.

"पंचनामा दोन दिवसांत होतो," मी म्हटलं.

"दोन?"

"फार तर तीन."

"मग निदान तोंडं बंद करते. ओली माती लिंपली की झालं. तासाभराचं काम."

मी नाही म्हटलं. मला एक जुनी केस आठवत होती. एका माणसाने मदतीसाठी आपलीच म्हैस विष घालून मारली असा आळ आला होता आणि त्या फाइलीत माझीही चौकशी झाली होती. मी म्हणालो, "उद्या कोणी म्हणेल, तोंडं लिंपून कोंडून मारल्या. काही हलवू नका. आहे तसं राहू द्या."

"मग जिवंत पेट्या तरी दुसऱ्या शेतात नेऊ?"

"जागा बदलली की पटवारी म्हणेल ह्या तुमच्या नव्हत्याच. वहिनी, तीस-पस्तीस वर्षं हेच काम करतोय मी."

आपल्याला ठाऊक आहे ते बरोबर आहे हे त्यांना कळत होतं. पण मी खात्याचा माणूस होतो, नवऱ्याचा मित्र होतो, आणि छापील बातमी घेऊन आलो होतो. "बरं," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता म्हणून." काटक्यांची मोळी त्यांनी शेतमालकाच्या बायकोला चुलीसाठी देऊन टाकली.

पंचनामा दोन दिवसांत झाला नाही, तीनही नाही. आधी पिकांचे पंचनामे करा असा वरून आदेश आला. पटवारी गहू आणि लसूण बघत फिरत होता. वहिनींचा रोज फोन यायचा. सुरुवातीला थट्टेने: "तुमचे वऱ्हाडी निघाले का?" पाचव्या दिवशी आवाज बदलला होता. "लूट लागली, भाऊजी. काल दुपारपासून. आवाजच वेगळा येतोय. पेट्यांच्या तोंडाशी मेणाचा भुगा पडलाय."

"कपडा टाका वरून."

"कपड्याखालून शिरतात. जाळू का?"

मी म्हटलं, उद्या नक्की येतात. मी तहसीलमध्ये गेलो, तिथल्या कारकुनाला, म्हणजे बाबूला, भेटलो, चहा पाजला, पुन्हा सांगितलं की उद्या येतात. शेतावर मात्र गेलो नाही. सातव्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता जिवंत पेट्यांवर पडल्यात." आठव्या दिवशी त्यांचा फोन आला नाही. मी सुटकेचा श्वास घेतला, हेही इथे लिहून ठेवतो.

अकराव्या दिवशी पंचनामा झाला. पटवारी, सरपंचाचा माणूस, शेतमालक आणि मी. जनावरांची नोंद भराभर झाली. बकऱ्यांचे फोटो होते, बिल्ले होते, मी स्वतः पहिल्या दिवशी पाहून सही केलेली होती. मग पेट्यांकडे आलो. पटवारी तरुण होता, हसरा होता. दोन बोटांनी एक मेलेली माशी उचलून म्हणाला, "डाक्टर साब, इसके कान में टैग किधर लगाया था आपने?"

सगळे हसले. शेतमालक हसला नाही. तो म्हणाला, "भैया, मेरी बकरी पे तो नहीं हँसे थे."

अर्जाचा नमुना जनावरांचाच होता. पशूचा रंग, शिंगं, वय, नर की मादी. पटवारी एकेक रकाना वाचत होता आणि वहिनी एकेकाचं उत्तर देत होत्या, अगदी शांतपणे. "रंग?" "पिवळा, काळे पट्टे." "सींग?" "नाहीत." "नर या मादा?" "काम करणाऱ्या सगळ्या मादी. नर बसून खातात." पटवाऱ्याने लिहून घेतलं.

तोपर्यंत मेलेल्या पेट्या बावीसवरून पस्तिसावर गेल्या होत्या. लुटणाऱ्या माशा ओळखू येत. त्यांच्या अंगावरची लव झडून त्या काळ्या चकचकीत झाल्या होत्या. वहिनींनी फुल्या दाखवल्या, म्हणाल्या की ह्या बावीस ओल्यांनी गेल्या, बाकीच्या नंतर. पटवारी म्हणाला, खडूच्या खुणेला पुरावा म्हणता येत नाही. कोणी पाहिल्या होत्या का त्या वेळी? वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ऑफिसात बोलू आपण."

ऑफिसात साहेबांनी मला समोर बसवलं. ते वयाने माझ्यापेक्षा लहान होते, पण बोलणं गोड. मला भाऊसाहब म्हणायचे, इथल्या मराठी माणसांना म्हणतात तसं. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी स्वतः बावीस पेट्या पाहिल्या, त्या जाळणार होत्या, मी थांबवलं. मला ते लिहायचं होतं. आधी खरोखर तेच लिहायचं होतं.

ते म्हणाले, "भाऊसाहब, आप रिटायर कब हो रहे हैं?"

"आठ महिन्यांनी."

"तो ये लिखकर क्या करेंगे? लिखेंगे कि मैंने तीसरे दिन देखा, तो पूछेंगे, संक्रमित माल उसी दिन नष्ट क्यों नहीं करवाया? आप ही के सामने था. जाँच बैठेगी. पेंशन की फाइल वहीं रुक जाएगी."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "लिख दीजिए, पहली बार पंचनामे के दिन ही देखा. कारण में पालक की लापरवाही. अभी की सूची में नाम नहीं आएगा, पर पूरक सूची निकलेगी, उसमें बहनजी का नाम सबसे ऊपर मैं खुद डालूँगा. मेरी ज़बान है."

मी लिहिलं. माझं हिंदी अक्षर चांगलं आहे, शाळेत बक्षीस मिळालं होतं. प्रथम निरीक्षण पंचनाम्याच्या दिवशी. मृत पेट्या वेळेत नष्ट न केल्यामुळे रोग पसरला. पालक की लापरवाही. सही. शिक्का. साहेबांनी घंटी वाजवून चहा मागवला.

महिन्याभरात पैसे आले. शेतमालकाच्या सात बकऱ्यांचे त्याच्या खात्यात जमा झाले. तो टावर चौकात मला भेटला, हातात पेढ्यांचा पुडा होता. माझ्या तोंडात पेढा कोंबून म्हणाला, "डाक्टर साब, आपने बोला था गाड़ना मत, नहीं गाड़ा. मिल गया." मग आवाज खाली आणून, "माताजी का क्या हुआ?" मी तोंडातल्या पेढ्यामुळे बोलू शकत नाही असं दाखवलं.

वहिनींच्या नावापुढे 'अपात्र' होतं. मार्च संपेपर्यंत त्यांच्या साठातल्या नऊ पेट्या जिवंत राहिल्या.

मी पूरक यादीची वाट पाहिली. दर सोमवारी साहेबांना विचारायचो, ते म्हणायचे भोपाळला गेली आहे. जूनमध्ये त्यांची बदली झाली. निरोप समारंभात मीच हार घातला, आणि हार घालतानाच पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "नए साहब को बता दिया है." नवीन साहेबांकडे गेलो तर ते फाइलीतून मान वर न करता म्हणाले, "कौन-सी पूरक सूची?" मी तहसीलच्या त्या बाबूला विचारलं. बाबू मला वीस वर्षं ओळखत होता. तो म्हणाला, "दादा, ऐसी कोई सूची होती ही नहीं है. आपको नहीं पता?"

मला पता होता. नोकरीत मी स्वतः कितीतरी माणसांना 'पुढच्या यादीत नाव येईल' म्हणून दारातून परत पाठवलं होतं. तेच वाक्य मला दिलं गेलं आणि मी ते घेतलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की मला फसवलं. खात्याने फसवलं, साहेबांनी फसवलं, पेपरातल्या बातमीने फसवलं. ते खोटं नाही. तीन दशकं मी ज्यांच्यासाठी उन्हातान्हात फिरलो त्यांनी माझ्याच हाताने माझ्याच माणसाचं नाव खोडून घेतलं आणि वर चहा पाजला. पण माझ्या फसण्यात माझं काही गेलं नाही. पेन्शन वेळेवर सुरू झाली. गेलं ते वहिनींचं.

वहिनींनी माहितीच्या अधिकाराखाली अहवालाची प्रत मागवली. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. पावसाळ्यातली एक सकाळ होती. आम्ही दोघं नवरा-बायको नाश्त्याला बसलो होतो. त्या आल्या, हिने त्यांना पोह्यांची बशी दिली, त्यांनी ती मांडीवर ठेवली आणि पिशवीतून कागद काढून माझ्यासमोर धरला.

"भाऊजी, 'लापरवाही' हा शब्द तुमच्या अक्षरात काय सुरेख दिसतो हो."

मी कागदाकडे पाहत राहिलो. ही म्हणाली, "काय आहे ते?"

"आणि हे, पहिल्यांदा पंचनाम्याच्या दिवशी पाहिलं म्हणून. मग तिसऱ्या दिवशी पेपर घेऊन कोण आलं होतं? तुमच्यासारखा दिसणारा दुसरा कोणी?"

"वहिनी, साहेबांनी..."

"साहेबांना मी ओळखत नाही. त्यांनी लिहिलं असतं तर मी भांडले असते, कलेक्टरकडे गेले असते. तुमच्याशी कशी भांडू? ह्यांच्या तिरडीला तुम्ही खांदा दिलाय."

त्या क्षणी माफी मागता आली असती. समोर होत्या, विचारत होत्या, रागही आवाजात फार नव्हता. मी म्हणालो, "पूरक यादी यायची आहे अजून. तुमचं नाव पहिलं आहे." बाबूने मला सांगितलं त्याला तेव्हा पंधरा दिवस झाले होते.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मग कागदाची घडी घातली, हिला म्हणाल्या, "पोहे छान झालेत, पण आज पोटात जागा नाही," आणि बशी तशीच ठेवून गेल्या. त्या गेल्यावर हिने मला सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. हिने फक्त एवढंच म्हटलं, "जा त्यांच्याकडे. आत्ता जा." मी संध्याकाळी जाईन म्हणालो. संध्याकाळी पाऊस होता.

उरलेल्या नऊ पेट्या त्यांनी सांभाळायचा प्रयत्न केला. नव्या राण्या आणायच्या, पेट्या वाढवायच्या, त्याला पैसा लागतो, आणि एक हंगाम बुडाल्यावर तो नव्हता. दसऱ्यानंतर त्यांनी जिवंत पेट्या एका सरसोंवाल्याला विकल्या. रिकाम्या पेट्या सुतार घेऊन गेला. घरमालकाला महिन्याची नोटीस दिली. कोणी विचारलं तर म्हणत, "आता वय झालं, मुलगा बोलावतोय." माझ्याबद्दल त्या कोणाजवळही एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर लोकांना खरं कळलं असतं आणि मला आज हे लिहावं लागलं नसतं.

त्या पुण्याला निघाल्या त्या दिवशी मी देवास गेटच्या बसस्टँडवर गेलो. पुण्याची बस दुपारी तिथून सुटायची. काय बोलायचं ते घरून ठरवून निघालो होतो, वाटेत दोनदा मनाशी म्हणूनही पाहिलं होतं. त्या खिडकीशी बसल्या होत्या. मला पाहून काच सरकवली.

"अरे, भाऊजी! एवढ्या उन्हात कशाला आलात?"

"आलो आपला. जागा मिळाली ना नीट?"

"मिळाली. शेजारच्या बाई आतापासूनच घोरतायत."

"पाणी आहे?"

"आहे."

"बिस्किटं घेऊ का?"

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्हाला काही बोलायचंय का?"

त्यांनी विचारलं होतं. इतक्या सरळ. खाली कंडक्टर बसच्या पत्र्यावर हाताने थापा मारत होता, मागून ऑटोवाला हॉर्न देत होता. मी म्हणालो, "पोचल्यावर फोन करा."

"करीन," त्या म्हणाल्या आणि काच ओढून घेतली.

फोन त्यांनी केला. पुढची सहा वर्षं दर दिवाळीला मीही करत आलो. हवा, गुडघे, नातवंडं असं बोलायचो. एकदा मी सुरुवात केली होती, "वहिनी, ते ओल्यांच्या वेळचं..." त्या म्हणाल्या, "इथे अकराव्या मजल्यावर माशी येत नाही, भाऊजी. बाल्कनीत तुळस फुलते, पण एक येत नाही." मी म्हटलं, बरं, ठेवतो.

जे म्हणायचं होतं ते फार मोठं नव्हतं. वहिनी, तुम्ही बरोबर होतात. तिसऱ्या दिवशी तुम्ही पेट्या जाळणार होतात, मी जाळू दिल्या नाहीत. तोंडं लिंपणार होतात, तीही लिंपू दिली नाहीत. त्या बावीस पेट्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या आणि पाहिल्या नाहीत असं लिहून दिलं, कारण मला माझ्या पेन्शनची भीती वाटली. चूक माझी होती, ती मी तुमच्या नावावर लिहिली. मला माफ करा.